नियत कुठे राहते?

आमचे अब्बा शिंपी होते. तालुक्याच्या गावात, मशिदीच्या बोळाच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन मशिनं आणि एक कपाट मावेल एवढी जागा. गावात त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे, सगळे 'मास्तर' म्हणत. शिंप्यांबद्दल लोक काय बोलतात ते सर्वांना ठाऊक आहे. कापड अडीच मीटर आणायला सांगायचं, सव्वादोन मीटरमध्ये बसवायचं आणि उरलेला तुकडा कपाटात सारायचा. अब्बांचा रिवाज वेगळा होता. शर्ट शिवून झाला की उरलेला तुकडा, मग तो वीतभर का असेना, ते घडीच्या आत ठेवत आणि गिऱ्हाइकाला दाखवून मगच शिलाईचे पैसे घेत. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, "अब्बा, एवढ्याशा चिंधीचं लोक काय करणार?" ते म्हणाले, "काय करायचं ते त्यांनी ठरवावं. कापड त्यांचं आहे."

त्याच अब्बांनी वयाच्या 58व्या वर्षी चोरी करायला सुरुवात केली.

आधी लहानसहान गोष्टी घडल्या. मिठाईच्या दुकानात शिरून न विचारता पेढे उचलून खाणं, अम्मीच्या सख्ख्या बहिणीची मय्यत घरात असताना मोठ्या आवाजात चहा मागणं, कब्रस्तानातून परतताना हसणं. मग एक दिवस त्यांच्या गादीखाली गिऱ्हाइकांच्या कापडाचे तुकडे सापडले. पुढे तुकडेच नव्हे, अख्खी कापडं सापडू लागली. मोहल्ल्यात कुजबुज सुरू झाली. 'मास्तरांचा खरा रंग आता दिसला', 'आयुष्यभर दाबलेली हाव म्हातारपणी वर आली' असं लोक बोलू लागले. हे दुसरं वाक्य मला फार लागलं, कारण क्षणभर ते मलाही खरं वाटलं होतं.

2012 सालच्या रमजानचे शेवटचे दहा दिवस चालू होते. शिंप्याच्या दुकानात ईदच्या आधी किती गर्दी असते ते सांगायला नको. मी शाळेतली नोकरी सांभाळून संध्याकाळी दुकानात बसत होतो. एका विधवा बाईनं मुलीच्या ईदच्या कपड्यांसाठी दिलेलं कापड गायब झालं होतं. ती बाई दुकानाच्या पायरीवर रडत होती. मी घरी आलो आणि अब्बांची उशी उचलली. कापड तिथंच होतं. "अब्बा, हे कुणाचं आहे?" ते म्हणाले, "मेरा है." मी विचारलं, "चोरी हराम आहे ना अब्बा?" त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, "हो, हराम आहे." आणि ते कापड परत उशीखाली सरकवू लागले. तेव्हा मी त्यांच्या तोंडात मारली. मला रोजा होता. इफ्तारला थोडाच वेळ उरला होता.

सहा महिन्यांनी पुण्याच्या एका मेंदूविकारतज्ज्ञानं एमआरआयचे फोटो खिडकीच्या उजेडात धरून मला दाखवले. कपाळामागचा मेंदूचा भाग अक्रोड वाळून आक्रसावा तसा आक्रसला होता. आजाराचं नाव फ्रॉन्टोटेम्पोरल डिमेन्शिया. यात स्मृती सुरुवातीला बरीचशी शाबूत असते. लाज, दया, संकोच, पश्चात्ताप हे आधी जातं. गोड खाण्याची ओढ वाढते. वर्तनाचे नियम तोंडपाठ असतात, पण त्या नियमांचं वजन उरत नाही. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या वडिलांना चोरी वाईट असते हे माहीत आहे. ते वाईट असल्याचं त्यांना वाटत नाही, एवढंच." परतीच्या एसटीत मी ते वाक्य घोळवत होतो, आणि आजही घोळवतो आहे. कारण त्या वाक्यानं अब्बांची सुटका केली आणि मला अडकवलं.

आपल्याकडे प्रत्येक इबादतीची सुरुवात नियतीनं नव्हे, नियतनं होते. हे दोन शब्द मराठीत शेजारी शेजारी नांदतात. एक अरबीतून आलेला, दुसरा संस्कृतातून. दोघांत फरक एका वेलांटीचा, पण अर्थ अगदी उलटा. नियत म्हणजे माणसानं आतून धरलेला इरादा, आणि नियती म्हणजे माणसाला न विचारता जे घडणारच ते. मेंदूविज्ञान आज आपल्याला जो प्रश्न विचारतं आहे तो याच वेलांटीचा आहे. ज्याला आपण नियत समजतो, ती मेंदूतल्या पेशींनी आधीच ठरवलेली नियतीच तर नाही?

हा प्रश्न हवेतला नाही. माणसाच्या कवटीत साधारण 1,300 ते 1,400 ग्रॅम वजनाचा एक अवयव आहे. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा तो एकटा खातो. त्यात सुमारे 86 अब्ज चेतापेशी आहेत. त्यांच्यातल्या विजेच्या आणि रसायनांच्या देवघेवीतून आपलं पाहणं, आठवणं, घाबरणं, ठरवणं घडतं. त्या देवघेवीत बिघाड झाला की माणूस बदलतो, याचे पुरावे जुने आहेत. अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये 13 सप्टेंबर 1848 रोजी फिनिअस गेज नावाच्या रेल्वेच्या मुकादमाच्या गालातून एक लोखंडी पहार शिरली आणि डोक्याच्या वरून बाहेर पडली. ती पहार साडेतीन फुटांहून लांब होती. माणूस वाचला. पण पूर्वीचा शांत, जबाबदार गेज आता शिवराळ आणि लहरी झाला, असं त्याच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं. या गोष्टीचा शेवट सहसा सांगितला जात नाही. पुढे काही वर्षं गेज चिली देशात घोडागाडी हाकत होता, म्हणजे बरंच सावरला होता. बिघडलेला मेंदूही नवी वाट शोधतो, हे त्यातून दिसतं.

दुसरं उदाहरण आपल्या काळातलं आहे. अमेरिकेतच, 2000 साली, चाळिशीतल्या एका शिक्षकाचं लहान मुलांबाबतचं वर्तन अचानक अश्लाघ्य झालं. आधी असं काही नव्हतं. तुरुंगात जायच्या आदल्या रात्री त्याचं डोकं असह्य दुखू लागलं. तपासणीत मेंदूच्या पुढच्या भागात, डोळ्यांच्या वर, मोठी गाठ निघाली. गाठ काढली, विकृती गेली. काही महिन्यांनी ती परत आली, तेव्हा पाहिलं तर गाठही परत वाढली होती. पुन्हा काढली, पुन्हा माणूस ठिकाणावर आला. आपण करतो आहोत ते पाप आहे हे त्याला त्या काळातही कळत होतं, फक्त थांबता येत नव्हतं. 2003 साली ही हकीकत प्रसिद्ध झाली. ती वाचताना मला उशीखाली कापड सरकवणारे अब्बांचे हात दिसत होते.

मग इरादा? तोही मेंदूत सापडतो का? कॅनडातले शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफिल्ड विसाव्या शतकाच्या मध्याला जागेपणी मेंदूच्या शस्त्रक्रिया करत. मेंदूच्या एका विशिष्ट जागी त्यांनी विजेचा सौम्य स्पर्श केला की रुग्णाचा हात उचलला जाई. पण रुग्ण म्हणत की हे मी केलं नाही, तुम्ही केलंत. हात हलणं आणि 'मी' हात हलवणं यांत फरक आहे, हे त्यातून दिसलं आणि अनेकांना हायसं वाटलं. मात्र 2009 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी मेंदूच्या दुसऱ्या एका भागाला असाच स्पर्श केला, तेव्हा रुग्णांना हात हलवण्याची इच्छाच झाली. स्पर्श वाढवला तेव्हा हात जागचा हलला नसतानाही आपण तो हलवला असं त्यांना वाटलं. म्हणजे हातच नव्हे, हात हलवण्याचा इरादाही तारेच्या टोकानं जागवता येतो.

सर्वांत जास्त गाजला तो बेंजामिन लिबेट यांचा 1983चा प्रयोग. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये त्यांनी काही लोकांना खुर्चीत बसवलं. डोक्याला तारा लावल्या, समोर वेगानं फिरणाऱ्या ठिपक्याचं घड्याळ ठेवलं. मनात येईल तेव्हा मनगट हलवा आणि हलवावंसं वाटलं त्या क्षणी ठिपका कुठे होता ते सांगा, एवढंच काम. निष्कर्ष असा निघाला की मेंदूतली तयारी हालचालीच्या सुमारे अर्धा सेकंद आधी सुरू होते, पण 'मला हलवायचंय' ही जाणीव हालचालीच्या फक्त एक-पंचमांश सेकंद आधी येते. निकाल आधी लिहिला जातो आणि न्यायाधीशाला मागाहून कळतो, असाच जणू हा प्रकार. अनेकांनी यावरून जाहीर करून टाकलं की मानवी इच्छास्वातंत्र्य हा भ्रम आहे.

खुद्द लिबेट तसं म्हणत नव्हते. त्यांचं म्हणणं असं की इच्छा उठते ती आपल्या परवानगीशिवाय उठत असेल, पण जाणीव झाल्यानंतर ती थोपवायला थोडा अवकाश उरतो. पुढे 2012 साली दुसऱ्या संशोधकांनी आणखी वेगळा अर्थ मांडला. मेंदूत सदैव चालू असलेल्या चढउतारांतून ती 'तयारी' दिसते, तो आधीच घेतलेला निर्णय असेलच असं नाही. शिवाय मनगट हलवणं आणि परक्याचं कापड परत करायचं ठरवणं या दोन गोष्टी एका तराजूत कशा तोलायच्या? पहिल्या गोष्टीला कारणच लागत नाही, आणि दुसरीच्या मागे सगळा जन्म असतो. वाद अजून संपलेला नाही. पण लिबेटनी दाखवलेला तो छोटासा अवकाश माझ्या मनातून जात नाही, कारण मला त्याचा अनुभव आहे. त्या संध्याकाळी माझा हात वर गेला आणि खाली आला, त्या दोहोंच्या मधे एक क्षण होता. तो मला दिसला होता.

आपल्या पूर्वजांना हे प्रश्न पडले नव्हते असं नाही. हकीम इब्न सिना (980–1037) यांनी कल्पनाशक्ती मेंदूच्या पुढच्या पोकळीत आणि स्मृती मागच्या पोकळीत आहे असं मानलं. डोक्याला इजा झाली की या शक्ती बिघडतात हे वैद्य म्हणून त्यांना माहीत होतं. पण त्याच इब्न सिनांनी तत्त्वज्ञ म्हणून एक कल्पनाचित्र मांडलं. समजा एक माणूस पूर्ण वाढ झालेला असा एकदम निर्माण झाला आणि पोकळीत तरंगतो आहे. डोळे झाकलेले, हातपाय एकमेकांना स्पर्श न करणारे. त्याला जगाचा पत्ता नाही, देहाचाही नाही. तरी 'मी आहे' हे तो नाकारू शकेल का? इब्न सिनांचं उत्तर होतं, नाही. त्यांच्यानंतर इमाम गजाली (1058–1111) यांनी 'कल्ब' या शब्दाचे दोन अर्थ वेगळे केले. एक म्हणजे छातीतला मांसाचा गोळा, जो जनावरांतही असतो. दुसरा म्हणजे माणसाची जाणणारी, जबाबदार धरली जाणारी सूक्ष्म हकीकत. 1967मध्ये दक्षिण आफ्रिकेत एका माणसाचं हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवलं गेलं, त्याच्या साडेआठ शतकं आधी गजालींनी दिल म्हणजे तो गोळा नव्हे हे सांगून ठेवलं होतं.

पण इथं प्रामाणिकपणे एक कबूल करायला हवं. हृदय बदललं तरी माणूस तोच राहतो, मेंदूचा मूठभर भाग वाळला तर तो राहत नाही. रूह वेगळी आहे, एवढं म्हणून आपल्याला मोकळं होता येत नाही. रूह या जगात जे काही करते ते मेंदूच्या मशिनीतून करते, असं मानलं तरी मशीन बिघडल्यावर टाका तिरका पडणारच. आणि तिरक्या टाक्यावरून शिंप्याची परीक्षा करणं हा अन्याय आहे. दुसऱ्या बाजूला, सगळं मेंदूच आहे असं म्हणणाऱ्यांनीही आपल्या हातात काय आहे ते पाहावं. विजेच्या लहरींतून वेदनेचं 'दुखणं', लाल रंगाचं 'लाल दिसणं' कसं उपजतं, या प्रश्नाला तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी 1995च्या सुमारास 'अवघड प्रश्न' असं नाव दिलं. मेंदूतली जाणिवेची नेमकी खूण 25 वर्षांत सापडेल अशी पैज शास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी 1998 साली त्यांच्याशी लावली होती. 2023मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत कॉख यांनी हार कबूल केली. कशाबरोबर काय घडतं हे विज्ञान उत्तम सांगतं. त्यातून 'मी' कसा उभा राहतो हे त्याला अजून सांगता आलेलं नाही.

आपल्या जगण्याला मात्र पैज संपेपर्यंत थांबता येत नाही. आज, आत्ता, कुणाला दोष द्यायचा आणि कुणाला नाही हे ठरवावं लागतं. इथं मला फिक्हची जुनी शिकवण फार मोलाची वाटते. शरीअतची जबाबदारी येते ती 'आकिल' आणि 'बालिग' माणसावर. झोपलेला जागा होईपर्यंत, मूल मोठं होईपर्यंत आणि अक्कल गेलेला शुद्धीवर येईपर्यंत त्यांच्या नावे लिहिणारी कलम उचललेली असते. मेंदूचा एकही फोटो न काढता शेकडो वर्षांपूर्वी हे मान्य केलं गेलं की कृत्य दिसायला तेच असलं तरी करणारा 'हजर' असायला हवा. आपला देशाचा कायदाही हेच म्हणतो. 1860च्या दंडसंहितेत ते कलम 84 होतं, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम 22 आहे.

मग मोहल्ल्यातल्या त्या वाक्याचं काय? आयुष्यभर दाबलेली हाव वर आली म्हणून ती हावच अब्बांचं खरं रूप? मला आता वाटतं, हा विचारच उलटा आहे. हाव कुणात नसते? पेढा समोर दिसला की उचलावासा वाटणं हे आपल्या सगळ्यांच्या मेंदूत रोज घडतं. त्या इच्छेवर आपण काय करतो, तिथे माणूस असतो. अब्बांनी चाळीस वर्षं वीतभर चिंधी परत केली, ती इच्छा नव्हती म्हणून नव्हे. इच्छा असूनही परत केली असेल तर त्या चाळीस वर्षांची किंमत वाढते, कमी होत नाही. आजारानं त्यांचा मुखवटा काढला नाही, त्यांचा ब्रेक काढून नेला. ब्रेक तुटलेली गाडी उतारावरून गेली तर ड्रायव्हरची नियत खोटी होती असं कुणी म्हणत नाही.

आणि इथंच माझी पाळी येते. कारण माझा ब्रेक शाबूत होता.

कुणी म्हणेल, तुमचा रागही मेंदूतलीच रसायनं होती. दिवसभराचा उपास, रडणारी बाई, थकवा. तुमच्याही चेतापेशींनी ठरवलं, तुम्हाला मागाहून कळलं. अब्बांना माफ करता तर स्वतःला का नाही? हा युक्तिवाद गोड आहे, म्हणूनच मी त्याला घाबरतो. माझं उत्तर असं आहे. राग मेंदूतून आला हे खरं. पण राग थोपवण्याची शक्तीही त्याच मेंदूत होती आणि ती चालू होती. अब्बांना 'हराम' हा शब्द आठवत होता पण हात थांबत नव्हता. माझा हात तोच शब्द आठवल्यावर थांबू शकत होता. दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलावर मला तसाच राग आला आणि मी हात आवरला, हाच त्याचा पुरावा आहे. ज्याला कारण कळतं आणि कळलेल्या कारणानं ज्याचा हात वळू शकतो, तो जबाबदार. मेंदूतून घडलं की आपोआप माफ, असं म्हटलं तर अब्बांच्या चाळीस वर्षांच्या इमानालाही काही किंमत उरत नाही, कारण तेही मेंदूतूनच घडलं होतं.

राग आला तर उभ्यानं बसावं, बसला असाल तर आडवं व्हावं, वुजू करावा, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. आपण ते रिवाज म्हणून ऐकतो. मला आता त्यात शहाणपण दिसतं, कारण सगळी युक्ती तो छोटासा अवकाश लांबवण्याची आहे. आणि सवयीनं तो लांबतो. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना शहरातले हजारो रस्ते पाठ करावे लागतात. त्यांच्या मेंदूतला वाटा लक्षात ठेवणारा भाग इतरांपेक्षा वेगळा वाढलेला असल्याचं 2000 साली दिसून आलं. सरावानं मेंदू घडतो. म्हणजे आज आपण जे वारंवार करतो ते उद्याच्या आपल्या मेंदूत लिहिलं जातं. नियतमधून थोडी नियती आपणही घडवत असतो. रोजा बहुधा त्यासाठीच असतो. त्या दिवशी मी फक्त उपाशी होतो.

तेव्हा वाचकांना एकच विनंती. घरातलं वडीलधारं माणूस एकाएकी बदललं, निर्लज्ज झालं, कंजूस किंवा उधळं झालं, तर त्याच्या चारित्र्याचा निकाल लावण्याआधी त्याला मेंदूच्या डॉक्टरकडे न्या. 'म्हातारचळ' म्हणून हसू नका, 'खरं रूप' म्हणून बोट दाखवू नका. दुसऱ्याच्या चुकीची कारणं शोधायला मेंदूविज्ञान वापरा. स्वतःच्या चुकीसाठी ते वापरायच्या आधी शंभरदा विचार करा.

एक गाठ मात्र मला अजून सुटलेली नाही. बंद्याचा हक्क मारला तर आधी त्या बंद्यानं माफ करावं लागतं, असं आपण मानतो. पुण्याहून परत आलो त्या रात्री मी अब्बांच्या पायाशी बसून म्हणालो, "अब्बा, मी तुमच्यावर हात उचलला. मला माफ करा." ते माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "माफ, माफ. पेढा ला." मी पेढा आणून दिला.

ज्यांच्या चोरीवर कलम चालत नव्हती, त्यांच्या माफीवर ती चालली असेल का? त्यांना आठवतच नव्हतं तर त्यांनी माफ काय केलं? 2018 साली अब्बा गेले. गादीखालची, पेटीतली जी जी कापडं सापडली ती मी घरोघर जाऊन परत केली. काहींनी घेतली, काहींनी नको म्हटलं. कुणाची हे कळलंच नाही असे सात तुकडे उरले आहेत. ते मी घडी करून कपाटात ठेवले आहेत. माझ्या माफीचा हिशेबही त्यांच्याबरोबर तिथेच पडून आहे. त्या दिवशी तो वाचला जाईल तेव्हा अब्बा त्यांच्या पूर्ण शुद्धीत असतील, आणि मी त्यांना पुन्हा एकदा विचारीन.